दिलेलं पाणी

४ फेब्रुवारी

परीक्षानळ्या आत्ताच गरम पाण्यात ठेवल्या, सदतीस अंशांवर. अर्ध्या तासाने काढायच्या. आजपासून या अर्ध्या तासात लिहायचं ठरवलंय. वेळ मोजका असला की रडगाणं लांबत नाही. तसं रडू येतही नाही म्हणा.

पक्षाघाताच्या झटक्यानंतर बाबा शनिवारी रुग्णालयातून घरी आले. उजवा हात आणि उजवा पाय नावापुरते उरलेत. बोलणं अडखळतं, एकेक शब्द ओढून काढावा लागतो. खरी अडचण गिळण्याची आहे. साधं पाणी घशातून भलत्याच वाटेने फुप्फुसात उतरतं, म्हणून त्यात पावडर कालवून, मधाइतकं दाट करून द्यायचं. दिवसाला निदान बाराशे मिलिलिटर. तेवढं गेलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल, असं डॉक्टरांनी घरी सोडतानाच सांगितलं.

नळी रुग्णालयात पाच दिवस होती. बाबांनी ती दोनदा उपसली, तेव्हा त्यांचा डावा हात पलंगाला बांधून ठेवला. चालता हात तेवढाच. नळी निघाली त्या दिवशी त्यांनी माझं मनगट धरलं आणि म्हणाले, "परत... नको." मी म्हटलं, "नाही घालू देणार. शब्द देते." देताना मला काही म्हणजे काही वाटलं नाही. वेळ झाली.

६ फेब्रुवारी

बाबांच्या पाण्याचा तक्ता केला. तीन रकाने: वेळ, दिलं, सही. एका पेल्यात दीडशे मिलिलिटर, असे आठ पेले. सकाळ-संध्याकाळ मी, मधल्या वेळी काकू. काकू नात्याने कोणी नाहीत, बाबांपाशी दिवसभर बसायला येतात, पण पहिल्याच दिवशी त्यांनी मला "एवढीशी पोळी खाऊन कामावर जाता?" असं झापलं, तेव्हा त्या काकूच झाल्या.

तक्ते करणं आमच्या रक्तातच आहे. बाबा चौतीस वर्षं घरोघरी पाण्याचे मीटर वाचत फिरले. मी आठ-नऊ वर्षांची असताना सुट्टीच्या दिवशी मला बरोबर न्यायचे. ते खड्ड्यात वाकून काचेवरची धूळ पुसायचे, आकडा मोठ्याने वाचायचे आणि म्हणायचे, "लिही." मी लिहायची. आकडा चुकला तर रागवायचे नाहीत, फक्त पुन्हा वाकायचे.

आज आठही पेले गेले. बाराशे.

९ फेब्रुवारी

काकूंनी विचारलं, "तुम्ही दिवसभर त्या लॅबमध्ये करता तरी काय?"

सांगितलं, की आपल्या प्रत्येक पेशीच्या पातळ पापुद्र्यात लहान लहान पंप असतात. आतलं सोडियम बाहेर फेकतात, बाहेरचं पोटॅशियम आत घेतात. तीन बाहेर, दोन आत. जन्मल्यापासून मरेपर्यंत. मी मेंढीच्या मूत्रपिंडातून तो पापुद्रा काढते आणि बघते, की आजूबाजूचं पाणी दाट केलं तर पंप हळू चालतो का.

"मग? चालतो का हळू?"

"चालतो."

"त्यात काय शोधायचं? चिखलात बैलगाडीपण हळू चालते." आणि पेला घासायला गेल्या. आतून ओरडल्या, "अहो, हे तुमचं पाणी काय गोंदासारखं चिकटतं! नखाने खरवडावं लागतं."

दोन वर्षांचं माझं काम काकूंनी एका वाक्यात गुंडाळलं.

१२ फेब्रुवारी

आज बाबांनी हट्ट केला. सकाळचा पेला संपल्यावर डाव्या हाताने तो घेतला आणि ट्रेमध्ये उपडा घातला. मी सरळ केला, त्यांनी परत उपडा. मग नखाने पेल्यावर टकटक केली आणि माझ्याकडे बघत राहिले.

"नको झालंय का पाणी? बाबा, प्यायला तर हवंच."

त्यांनी डोळे मिटून घेतले. लहान मुलासारखे रुसतात हल्ली. तक्त्यात बाराशे.

१३ फेब्रुवारी

आज पुन्हा पेला उपडा. मी उचलून ठेवला. बाराशे.

१७ फेब्रुवारी

आलेख पूर्ण झाला. इतका सरळ उतार मी आजवर काढलेला नाही.

पंप फॉस्फेट सुटं करतो, त्याला औषध लावलं की निळा रंग येतो. जितकं काम जास्त तितका निळा गडद. साखरेचा पाक जसजसा दाट केला तसतसा निळा फिका पडत गेला, पायरी-पायरीने. पण साखर दोन गोष्टी करते. पाणी दाट करते आणि पाणी स्वतःकडे ओढतेही. मग पंप कशाने मंदावला, दाटपणाने की ओढीने? म्हणून दुसऱ्या नळ्यांत लांबलचक रेणूंचा एक पदार्थ घातला. त्याने पाणी दाट होतं, ओढ जवळजवळ नसते. तिथेही रंग तेवढाच फिका. म्हणजे सगळा दोष दाटपणाचा. बाबांची पावडर याच जातीची आहे, घट्ट करते पण ओढत नाही.

माझ्या मार्गदर्शक मॅडम फार कमी वेळा उठून उभ्या राहतात. आज राहिल्या. म्हणाल्या, "हा पेपर माझ्या निवृत्तीआधीचा शेवटचा. चांगला झालाय." निबंध नियतकालिकाकडे पाठवला.

आनंद झाला असावा. घरी जाऊन नेमाने बाबांचे दोन पेले दिले.

२० फेब्रुवारी

बाबा दिवसभर झोपून असतात. हाक मारली की डोळे उघडतात, पण मी कोण ते ओळखायला वेळ लागतो. ओठ सोललेत, काकूंनी तूप लावलं. धाकट्याचा फोन आला. माझा भाऊ दूर असतो, त्यामुळे त्याला सगळं जास्त कळतं. "ताई, बाबांना पाणी कमी पडत नाही ना?" मी त्याला तक्त्याचा फोटो पाठवला. पंधरा दिवस, एकही खाडा नाही. त्याने "सॉरी" लिहिलं. बरोबरच आहे.

डॉक्टर येऊन रक्त घेऊन गेले. सोडियम एकशे एक्कावन्न, एकशे पंचेचाळीसच्या वर नको. तक्ता बघून म्हणाले, "पाणी तर उत्तम जातंय. मग हे मेंदूचंच असणार. तिथलं नियंत्रण बिघडलं तरी असं होतं."

रक्तात मीठ वाढलं की ते पेशींतलं पाणी बाहेर ओढून घेतं. पेशी आकसतात. हे मी शंभर वेळा नळीत केलंय, मुद्दाम.

२२ फेब्रुवारी

पेला उपडा. या वेळी हात इतका थरथरत होता की पेला ठेवायलाच मिनिटभर लागलं. काकू म्हणाल्या, "साहेबांना काहीतरी सांगायचंय." मी म्हटलं, त्यांना पाणी नकोय, एवढंच. दुपट्याची, म्हणजे हनुवटीखाली लावतो त्या रुमालाची, कांजी केल्यासारखी कडक घडी झालेली. काकू ती धुवायला घेऊन गेल्या.

२५ फेब्रुवारी

दोन गोष्टी झाल्या.

सकाळी, निबंध ज्यांनी तपासला त्यांचं उत्तर आलं. स्तुती बरीच आहे. एकच प्रश्न: "दाट द्रावणातला पापुद्रा पिपेटने नळीत घातला, तेव्हा प्रत्येक नळीत तो सारखाच पोहोचला याची खात्री कशी केली?" मी चिडले. पिपेटवर, थेंब मोजून सोडणाऱ्या त्या पिचकारीवर, पन्नास मायक्रोलिटर लावलं की पन्नास जातात. दोन वर्षं हेच करतेय.

दुपारी बाबांचं सोडियम एकशे सत्तावन्न आलं. रुग्णालयात हलवलं. डॉक्टर म्हणाले, "आता नळीला पर्याय नाही." मी म्हटलं, "पाणी जातंय त्यांना, तक्ता आहे." ते सौम्यपणे म्हणाले, "म्हणून तर. एवढं जाऊनही ही अवस्था असेल, तर आतलं बिघडलंय. नळीने नेमकं मोजून देता येईल."

संमतीपत्रावर सही केली. पेन चालत नव्हतं, परिचारिकेने दुसरं दिलं.

२६ फेब्रुवारी

नळी घातली. डावा हात बांधला.

बाबांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि मग भिंतीकडे तोंड केलं. मी तिथे तीन तास बसले. वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवलं, दोन शब्द राहिले.

२८ फेब्रुवारी

तपासनिसाला तोंडघशी पाडायचं म्हणून आज पिपेटचे थेंब काट्यावर तोलले. लॅबमधला तो चार दशांश आकडे दाखवणारा काटा, ज्याच्याजवळ श्वासही जपून घ्यावा लागतो.

साधं पाणी: पन्नास लावले, पन्नास आले. पातळ पाक: सत्तेचाळीस. सर्वांत दाट: साडेपस्तीस.

पुन्हा केलं. छत्तीस. पुन्हा. पस्तीस.

उजेडाकडे धरून बघितलं. टोपीच्या, म्हणजे पिपेटच्या पुढच्या प्लॅस्टिकच्या टोकाच्या आतल्या बाजूला पाकाचा थर तसाच चिकटलेला. तो खाली उतरायला वेळ घेतो आणि मी वाट न बघता टोपी फेकून देत होते. रोज. शेकड्याने. म्हणजे सगळ्यांत दाट नळीत पंपच कमी पडत होते, जवळजवळ तीस टक्के. फिका निळा त्यामुळे. बिचारे पंप बहुतेक नेहमीच्याच चालीने चालत होते. लांब रेणूंचं द्रावणही तितकंच चिकट, म्हणून तिथेही उतार अगदी तसाच. दोन आलेख एकमेकांची साक्ष देत होते आणि दोघेही एकाच चुकीची पोरं.

हे पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवतात. दाट द्रव सावकाश ओढा, सावकाश सोडा, टोक टेकवून थांबा. मीच शिकवते.

मॅडमना सांगितलं. त्यांनी विचारलं, "किती?"

"एकोणतीस टक्के."

"आणि उतार किती होता?"

"बेचाळीस."

त्यांनी कागदावर वजाबाकी केली. मग म्हणाल्या, "म्हणजे थोडा खरा आहे. परत घे उद्या... उद्यापासून, वजन करून." त्यांचीही जीभ अडखळली. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. निबंध मागे घेतला. दोन वर्षांच्या कामावर पाणी सोडलं, आणि दुपारी डबा खाल्ला.

२ मार्च

सोडियम एकशे सेहेचाळीस. बाबा टक्क जागे आहेत. नळीतून रोज बाराशे जातं, तेवढंच, जेवढं मी घरी देत होते. डॉक्टर तक्त्याकडे बघून डोकं खाजवतात. "तोच आकडा. मग फरक कसा पडला?"

मलाही कळत नाही.

बाबा माझ्याशिवाय सगळ्यांकडे बघतात. धाकटा आलाय, त्याच्याकडे बघतात. काकू आल्या तर चक्क अर्धं हसले. मी गेले की भिंत.

४ मार्च

कपडे आणायला घरी गेले. बाबांना रुग्णालयात नेलं त्या दुपारपासून खोली तशीच होती. ट्रेमध्ये शेवटचा पेला, उपडा.

उचलायला गेले, तर ट्रेसकट वर आला.

मी तशीच उभी राहिले. पेल्याच्या काठाभोवती वाळलेलं पांढरं कडं होतं. उलटा करून बघितलं. आतल्या बाजूने वरपासून खालपर्यंत थर, काचेसारखा. चमच्यावरही.

मग मी खाली बसले.

बसल्याबसल्याच हे लिहितेय. आज नळ्या नाहीत, अर्ध्या तासाची मोजदाद नाही.

स्वयंपाकघरातला काटा काढला. नेहमीसारखंच पाणी कालवलं, दीडशे. नेहमीसारखंच चमच्याने एका वाटीत काढलं, बाबांना भरवते त्याच घाईने, कामावर जायच्या घाईने. पेल्याला आणि चमच्याला लागून राहिलेलं तोललं. एकोणचाळीस ग्रॅम. त्यात हनुवटीवरून रुमालात जातं ते धरलेलंच नाही.

दर पेल्याला एकोणचाळीस. आठ पेले. वीस दिवस.

बाराशे मी दिले. बाबांपर्यंत नऊशेसुद्धा पोचले नाहीत. उरलेलं काकूंनी रोज नखाने खरवडून मोरीत घालवलं आणि मला ओरडून सांगितलंही.

ही वही काढून मागची पानं वाचली. १२ तारीख: "आज बाबांनी हट्ट केला." हट्ट! चौतीस वर्षं मीटर वाचलेला माणूस. पाणी सोडलं किती आणि घरात आलं किती, यातला फरक शोधण्यात ज्याचा जन्म गेला, तो बोलता येत नाही म्हणून पेला उपडा करून दाखवत होता. बघ, काही पडत नाही. बघ, सगळं आतच राहिलंय. तीनदा दाखवलं, टकटक करून दाखवलं. आणि मी लिहिलं, लहान मुलासारखे रुसतात.

२८ तारखेला लॅबमध्ये हीच चूक माझ्या हातात आली होती, चार दशांशांपर्यंत. तेव्हासुद्धा मला पेला आठवला नाही.

मला लाज वाटते. महिनाभरात पहिल्यांदा काहीतरी वाटलं, आणि ते हे.

५ मार्च

डॉक्टरांना पेला आणि काटा दोन्ही नेऊन दाखवलं. त्यांनी स्वतः तोललं. मग म्हणाले, "तक्ता बघून मीही फसलो. दोन दिवस देतो. नळी काढू. दोन्ही दिवस खरोखर बाराशे पोचले, तर परत घालणार नाही. एका दिवशी जरी कमी पडले, तर घालावीच लागेल. चालेल?"

मी हो म्हटलं. मग बाबांपाशी गेले. ते भिंतीकडे.

"बाबा, पेल्याला चिकटून राहत होतं. तुम्ही दाखवत होता. मला कळलं नाही. चूक माझी."

ते हलले नाहीत. मान वळली नाही. पण बांधलेला हात होता, त्याची मूठ उघडली आणि परत मिटली. याचा अर्थ मी लावणार नाही. अर्थ लावण्यात माझा हात किती बसलाय ते दिसलंच.

धाकटा व्हरांड्यात भेटला. मला वाटलं बोलेल काहीतरी. तो म्हणाला, "मी फोटो बघून सॉरी लिहिलं होतं ना गं. मलाही खरंच वाटलं होतं." आणि चहा आणायला गेला.

७ मार्च

काल सकाळी नळी काढली.

पद्धत अशी: रिकामा पेला, चमचा आणि कोरडा रुमाल काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणायचा. बाबांचं पिऊन झालं की तेच तिन्ही परत ठेवायचे. जो आकडा दिसेल तेवढं पोचलं नाही. घाई नाही. चमचा ओठाला टेकवून थांबायचं, गळ्याचं हाड वर जाऊन खाली येईपर्यंत. एका पेल्याला चाळीस मिनिटं लागतात. मी रजा टाकलीय.

तक्त्यात "दिलं" हा रकाना खोडला. तिथे "पोचलं" लिहिलं.

काल आठ पेल्यांत भागलं नाही, दहा द्यावे लागले. शेवटचा गेला तेव्हा बाराशे चौदा. बाबा दमून गेले होते. माझ्याकडे अजून बघत नाहीत, चमच्याकडे बघतात.

७ मार्च, संध्याकाळी

आज दुपारी ठसका लागला. मिनिटभर चेहरा जांभळा पडला, परिचारिका धावत आली. त्यानंतर दोन तास काही द्यायचं नाही म्हणाली. दोन तास वाया गेले. मला भीती वाटली, साधी भीती. पुन्हा ती सही, पुन्हा तो हात बांधायचा.

सहा वाजता बेरीज केली. एक हजार त्र्याण्णव. बाराशेला एकशे सात कमी. बाबांचे डोळे मिटत होते, एकच पेला शक्य होता. त्याच्यातलं त्रेचाळीसहून जास्त मागे राहिलं की संपलं.

"बाबा, शेवटचा," मी म्हटलं.

एकेक चमचा. पेल्याच्या कडेने चमचा फिरवून, तळ पुसून. काकू शेजारी उभ्या, धाकटा दाराशी. मधे एकदा हनुवटीवरून ओघळ गेला. बाबांनी स्वतःच जिभेने ओठ चाटला. शेवटी शेवटी त्यांनी पेला माझ्या हातातून घेतला, तोंडाला लावला आणि डोकं मागे टाकून थांबले. कितीतरी वेळ. मी म्हणणार होते, पुरे, पण म्हटलं नाही.

पेला, चमचा, रुमाल काट्यावर ठेवले. मी वाकणार, तेवढ्यात बाबांनी डावा हात आडवा धरला. काटा जवळ आण, अशी बोटाने खूण केली. पलंगावर, त्यांच्या छातीपाशी नेऊन धरला. त्यांनी अंगठ्याने काच पुसली, धूळ नव्हती तरी. मान पुढे काढली.

"ए... क... तीस," ते म्हणाले. मोठ्याने, खड्ड्यातून वाचल्यासारखं.

एकशे एकोणीस पोचले. एक हजार दोनशे बारा. मला बेरीज तोंडी करता येत होती, पण मी वही धरून नुसतीच बसले होते. धाकट्याने पाठ फिरवली.

बाबांनी मान वळवली, भिंतीकडे नाही, माझ्याकडे. दहा दिवसांत पहिल्यांदा. मी काहीच करत नाही असं बघून त्यांना थोडा रागच आला असावा.

"लिही," ते म्हणाले.

मी लिहिलं. डोळ्यांतलं पाणी आकड्यावर पडलं आणि तो फिसकटला, म्हणून खालच्या ओळीत परत लिहिला.